उमेशचे कान

लाईट गेली, माग थांबले आणि पाळण्यातल्या उमेशनं दचकून भोकाड पसरलं.

"बघ," आत्या म्हणाली. पुढ्यातली सुताच्या कांड्यांची टोपली तिनं बाजूला सारली आणि आईकडे मान वळवली. "बघ गं अनसू. माग बंद झाल्यालं कळलं का न्हाई त्याला? कान नसतं तर कळलं असतं?"

 आईनं उमेशला उचललं, खांद्यावर घेतलं आणि ती दारात जाऊन उभी राहिली.

आत्याचं म्हणणं आमच्या गल्लीत कुणालाही पटलं असतं. इचलकरंजीत मागाच्या घरात जन्मलेली मुलं आवाजात झोपतात आणि शांततेत जागी होतात. भिंतीपलीकडे चार माग दिवसरात्र धडधडत असताना मूल गाढ झोपलेलं असतं. लाईट गेली की गल्लीतली सगळी पोरं एकदम रडायला लागतात आणि बायका म्हणतात, उठले बघा कारखानदार. पोर कसं आहे हे बघायची आमच्याकडची ती रीतच होती. माग थांबल्यावर उठलं म्हणजे पोर चांगलं.

उमेश दर वेळी उठायचा. दीड वर्षाचा होत आला होता.

आई गारगोटीकडची. तिच्या माहेरी माग नव्हते. दिवाळीत ती आम्हाला घेऊन गेली होती, तेव्हा मावशीची मुलगी उमेशहून लहान असून कावळा ओरडला की बोट दाखवायची, भांडं पडलं की दचकायची. उमेश तिच्या शेजारी बसून वाटीशी खेळत होता. त्याच्यामागे परात पडली तरी त्यानं मान वळवली नाही. मावशीनं आईकडे पाहिलं, आईनं परातीकडे.  इचलकरंजीला आल्यावर आई दिवसातून कितीतरी वेळा उमेशच्या पाठीमागे जाऊन बांगड्या वाजवायची. मी शाळेतून आले की मला म्हणायची, "शैले, तू समोर बस आणि सांग. हलला काय?"

"न्हाई."

"डोळे तरी?"

"न्हाई गं आई."

मी तेव्हा सहावीत होते.

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण, त्यांची आक्का. लवकर विधवा झालेली, आमच्यातच राहायची, अख्ख्या कारखान्याच्या कांड्या भरायची. तिला आईचा हा उद्योग बिलकूल खपत नव्हता. "पोराच्या मागं बांगड्या वाजिवतीस व्हय? भूत लागंल. सगळं कळतंय त्याला. च्या म्हटलं की येतोय, आण्णा म्हटलं की दाराकडं बघतोय."

तेही खरं होतं. फक्त चहा 'म्हटलं' म्हणजे तोंडानं नव्हे. मागाच्या खोलीत तोंडाचा उपयोग नसतो. अंगठा आणि तर्जनीनं कप धरल्यासारखं केलं की चहा. ओठावरून बोट फिरवलं की मिशीवाले अण्णा. कपाळाला टेकवलं की आई. दोन बोटं कातरीसारखी चालवली की सूत तुटलं. बोलायचंच असलं तर समोर उभं राहून ओठ मोठे मोठे हलवायचे, आवाज काढायचाच नाही. घरात आलो तरी निम्मं बोलणं आम्ही असंच करायचो, सवयीनं. उमेशला यातली एकूणएक खूण येत होती. मला ती ज्या वयात आली त्याच्या कितीतरी आधी.

हे सगळं फार जुनं. अण्णा वारले त्याला मात्र अजून वर्ष झालेलं नाही. शेवटच्या आठवड्यात त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. पुण्याहून आलेला उमेश त्यांच्या पलंगाशी बसून हातांनी बोलत होता आणि अण्णा सलाईन नसलेल्या हातानं उत्तरं देत होते. सूत तुटलं, असं अण्णांनी एकदा केलं. उमेश हसला आणि बाहेर निघून गेला. मी खिडकीशी उभी होते. मी या खुणा लहानपणीच शिकले होते, पण मला त्या दोघांमध्ये जाता आलं नाही.

तर आत्या आईला 'बघ' म्हणाली त्या दिवशी लाईट जेवणं झाल्यावरही आली नाही. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. आईनं त्यांच्यासमोर बसून विषय काढला. समोर बसल्याशिवाय त्यांच्याशी कुणी बोलत नसे.

"सांगलीला कानाच्या डॉक्टरीणबाई हाईत म्हणे. मी जातो त्याला घिऊन." आमच्याकडे बायकाही जातो-येतोच म्हणतात.

"कशाला?"

"कशाला म्हंजे? हाक मारली तर बघत न्हाई. सहा महिन्यांचा होता तवा बा-बा-बा करत होता. आता तेबी बंद झालंय."

"शहाणा झालाय," अण्णा म्हणाले. "बडबड कमी केलीय. तू बी शीक."

आत्या पदर तोंडाला लावून हसली. आई हसली नाही.

"आवं, पोर मुकं राहील."

"आन् राहिलं तर राहिलं!" अण्णांचा आवाज नेहमीच मोठा असायचा, तो आणखी चढला. "मागावर कानाचं काय काम? डोळं पायजेत, हात पायजेत. माझं कुठं काय अडलंय?"

"त्यानं मागावरच उभं राहायचं हे कुणी ठरवलं?"

यावर अण्णांनी बराच वेळ आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "शुक्रवारी लाईटची सुट्टी हाय. मीच येतो संगं. बघूया तुझी डॉक्टरीण काय म्हणतीया."

शुक्रवारी आमच्याकडे दिवसभर वीज नसायची, माग बंद. त्या शुक्रवारी मलाही नेलं, कारण उमेश बसमध्ये माझ्याकडेच शांत बसायचा.

नाईकनवरे मॅडमची खोली गल्लीच्या आत, दोन दारं ओलांडून होती. जाड पडदे, जमिनीवर सतरंजी. इतकी शांत जागा मी त्याआधी पाहिली नव्हती. कानात काहीतरी भरल्यासारखं वाटत होतं. मॅडम साधारण आईच्याच वयाच्या होत्या, पण केस कापलेले. त्यांनी आईला खूप प्रश्न विचारले. पोटुशी असताना ताप आला होता का, पुरळ उठली होती का, नात्यातलं लग्न आहे का, घरात आणखी कुणी बहिरं आहे का.

शेवटच्या प्रश्नाला आईनं अण्णांकडे पाहिलं. "न्हाई," अण्णा म्हणाले.

मग मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. "मूल वडिलांच्या मांडीवर. आईनं बाहेर थांबायचं, नाहीतर तो तुमच्याकडेच झेप घेईल. माझी मदतनीस आज आलेली नाही. ताई, तू मोठी आहेस ना? तू याच्यासमोर बस. ही बाहुली हलव, त्याचं लक्ष लागलं की हळूच पाठीमागे लपव. त्या वेळी मी मागून आवाज करीन, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. ऐकू येणारं मूल आवाजाकडे मान वळवतं. सहा-सात महिन्यांचं मूलसुद्धा वळवतं. फक्त एक करायचं. तू माझ्याकडे बघायचं नाहीस. तुझ्या डोळ्यांवरून त्याला कळेल." आणि अण्णांना म्हणाल्या, "तुम्ही अगदी स्वस्थ बसा. हलू नका."

अण्णांनी मान डोलावली.

मी बाहुली हलवली. उमेश तिच्याकडे बघून हसला. मी बाहुली लपवली. मॅडम त्याच्या उजव्या खांद्यामागे वाकल्या आणि त्यांनी चमचा कपाच्या काठावरून फिरवला. बारीक, पातळ आवाज आला. मी बघायचं नाही म्हणून बघत नव्हते, पण डोळे आपसूक तिकडे गेले असणार.

उमेशनं उजवीकडे मान वळवली.

दाराच्या काचेतून आईचा चेहरा दिसत होता. तिनं दोन्ही हात तोंडावर धरले.

दुसऱ्यांदा मॅडमनी डावीकडे कागद चुरगळला. उमेश डावीकडे वळला. तिसऱ्यांदा छोटी घंटी, पुन्हा डावीकडे, पुन्हा तो वळला. मॅडमनी समोरच्या कागदावर खूण केली. माझ्या छातीत आनंद मावेना. आता घरी जाऊन आत्या आईला काय काय बोलेल हेसुद्धा माझ्या डोळ्यांपुढे आलं.

चौथ्या वेळी बाहुली माझ्या हातून निसटली. ती उचलायला मी खाली वाकले आणि मला अण्णांचं धोतर दिसलं. कपावर चमचा फिरला. मी वर आवाजाकडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. उमेशच्या उजव्या मांडीखालचा अण्णांचा गुडघा किंचित वर आला. उमेश उजवीकडे वळला.

मी बाहुली घेऊन सरळ बसले. अण्णा माझ्याकडेच बघत होते. डोळे न हलवता, जसे ते मागावरच्या सुताकडे बघत.

मॅडम मागे होत्या. त्यांना गुडघा दिसणं शक्य नव्हतं. आईला काचेतून दिसत नव्हता. मी काही बोलले असते तर अण्णांना परक्या बाईसमोर मान खाली घालावी लागली असती. नसते बोलले तर मॅडमनी कागदावर लिहिलं असतं की ऐकू येतं, आणि आम्ही पाचच्या बसनं घरी गेलो असतो. दोन्ही गोष्टी मला एकदमच कळल्या. काय करावं ते मात्र कळलं नाही. तो गुडघा पुन्हा दिसू नये एवढंच मनात आलं.

मी बाहुली लपवली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

चमच्याचा आवाज आला. मग कागदाचा. मग घंटीचा, आधी हळू, नंतर जोरात. नंतर बराच वेळ काहीच नाही.

मी डोळे उघडले. उमेश स्वतःच्या झबल्याची नाडी चघळत समोर बघत होता. त्याच्या मागे मॅडम हातात घंटी घेऊन थांबल्या होत्या. अण्णा माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. त्या नजरेत राग असेल असं मला वाटलं होतं. राग नव्हता. रस्ता विचारायला थांबलेल्या माणसासारखे ते बघत होते.

मॅडमनी ढोल आणला. उमेशच्या पाठीमागे जोरात वाजवला. मी उडाले, अण्णाही हलले. उमेश नाडी चघळत राहिला. मग त्यांनी आईला आत बोलावलं, उमेशचे दोन्ही तळवे टेबलावर ठेवले आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मूठ आपटली. उमेशनं ताबडतोब तिकडे पाहिलं.

"ऐकलं की!" आई म्हणाली.

"नाही. हाताला कळलं. याचा पाळणा कुठे आहे?"

"मागाच्या खोलीच्या भिंतीला. तिथल्याच तुळईला टांगलाय."

"भिंत हादरते, पाळणा हादरतो. हादरे थांबले की हा जागा होतो. तुम्हाला वाटतं, ऐकलं." त्या आईकडे वळून सावकाश सांगू लागल्या. मूल पोटात असतानाच, शेवटच्या तीनचार महिन्यांत ऐकायला लागतं. आईचा आवाज ते जन्माआधीपासून ओळखतं. मग आवाज कुठून आला ते शोधायला शिकतं, मग त्याचा अर्थ लावायला, मग तोच आवाज स्वतः काढायला. बहिरं मूलही सुरुवातीला बा-बा करतं. पण स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, म्हणून ते हळूहळू थांबतं.

"म्हंजे पोटात असताना त्यानं मला ऐकलंच न्हाई?" आईनं विचारलं.

मॅडमनी तिच्या हातावर हात ठेवला. "नसावं."

"मी नववा लागला तरी मागाच्या खोलीत कांड्या भरत होतो. त्यानं झालं काय हे?"

"कशामुळे झालं ते मला सांगता येणार नाही. आणि आता त्यात शिरू नका. थोडं ऐकू येत असणार, अगदी थोडं. यंत्र लावू. पण लगेच. ऐकायला शिकायची ही दोन-तीन वर्षंच असतात. ती गेली की नंतर यंत्र लावून आवाज नुसता पोचतो, त्याचा शब्द होत नाही."

अण्णा हा सगळा वेळ मॅडमच्या ओठांकडे बघत होते. "कधी आणायचं यंत्र?" एवढंच त्यांनी विचारलं.

परतीच्या बसमध्ये आई खिडकीशी बसून रडत होती आणि उमेश तिच्या मांडीवर झोपला होता. अण्णा माझ्या शेजारी होते. अंकली गाव मागे पडल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "डोळे का झाकलेस?"

"झोप आली."

"हं," ते म्हणाले आणि समोर बघत राहिले.

मला वाटलं, गुडघा मला दिसला हे त्यांना कळलंय आणि याची शिक्षा मला कधीतरी होणार. ती कधीच झाली नाही. त्याबद्दल ते जन्मात पुन्हा बोलले नाहीत.

यंत्र म्हणजे काड्यापेटीहून मोठी डबी. ती छातीवर पिशवीत बांधायची आणि तिच्यातून निघालेली वायर कानात घालायची. आईनं त्यासाठी लाल पिशवी शिवली. पहिल्या दिवशी माग बंद असताना ते लावलं. आई "उमेश, उमेश" म्हणत राहिली आणि तो डबीकडेच बघत बसला. थोड्या वेळानं लाईट आली. भिंतीपलीकडचे चारही माग एकदम सुरू झाले आणि उमेशनं जी किंकाळी फोडली ती मागाच्या आवाजातूनही आम्हाला ऐकू आली. त्यानं वायर ओढून काढली, डबी जमिनीवर आपटली. यंत्र सगळेच आवाज मोठे करत होतं. आईचा आणि मागाचा. मागाचा अर्थात जास्त.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पुढेपुढे तर आईच्या हातात लाल पिशवी दिसली की तो कॉटखाली जाऊन बसायचा.

"काढून टाक गं ते," आत्या म्हणायची. "देवानं दिलं न्हाई ते डबीत भरून मिळतंय व्हय?"

अण्णा हे सगळं दारातून बघायचे आणि परत मागावर जायचे. आई त्यांना काही म्हणत नव्हती. म्हणणार काय? माग बंद ठेवले तर खायचं काय, आणि आमचे बंद केले तरी शेजारच्यांचे कोण बंद करणार? आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून माग होते.

एके दिवशी अण्णा सायकलवरून दुपारचे कुठेतरी गेले ते दिवेलागणीला आले. हातपाय धुऊन आईसमोर बसले आणि खिशातली किल्ली त्यांनी जमिनीवर ठेवली.

"जयसिंगपूरच्या पलीकडं खोली बघितलीया. मळ्यात हाय. आवाज न्हाई."

"आन् तुम्ही?"

"माग कोण चालवणार?"

"मग जेवणाखाण्याचं?"

"आक्का हाय की. मी शुक्रवारी येत जाईन."

आत्या आतून ओरडली, "एका पोरापायी संसाराचं दोन तुकडं करतोस व्हय रं? लोक काय म्हणतील?"

अण्णांची तिच्याकडे पाठ होती. त्यांनी उत्तर दिलं नाही.

आम्ही त्या मळ्यात गेलो आणि तिथेच राहिलो. उमेश शाळेत जाऊ लागेपर्यंत, मी कॉलेजला जाईपर्यंत. वडील म्हणजे शुक्रवार, असंच माझं नंतरचं बालपण गेलं. आईनं मात्र तिथे गेल्या दिवसापासून बोलायला सुरुवात केली. भाजी चिरताना, दळण निवडताना, धुणं धुताना ती बोलत राहायची. ही मेथी. हे पाणी. गार पाणी. कोण आलं? कोंबडी आली. मी शाळेतून आले की तिचा घसा बसलेला असायचा आणि मग मी बोलायचे. कितीतरी महिने भिंतीशी बोलल्यासारखं होतं. मग एकदा विहिरीची मोटर सुरू झाली आणि उमेशनं खेळणं टाकून तिकडे बोट दाखवलं. आई तशीच उठली आणि चुलीवरचं दूध उतू गेलं. त्यानंतर पुन्हा बा-बा सुरू झालं, जिथे थांबलं होतं तिथून. मग 'पा', म्हणजे पाणी. मग 'काऊ'. मला तो 'तातै' म्हणायचा.

अण्णा शुक्रवारी यायचे, त्याच्याशी खुणांनी बोलायचे. आईला ते चालत नसे. "तोंडानं बोला की हो त्याच्याशी," ती म्हणायची. अण्णा एकदोन शब्द मोठ्यानं बोलायचे आणि मग पुन्हा हात हलवायला लागायचे.

असाच एक शुक्रवार. सुगी झाली होती. अण्णा उंबऱ्यात आमच्याकडे पाठ करून बसले होते आणि मळेवाल्यानं दिलेल्या ओल्या शेंगा तोडत होते. आई विहिरीवर गेली होती. मी जमिनीवर अभ्यास करत होते आणि उमेश माझ्या जुन्या पाटीवर रेघा ओढत होता. तो तीन वर्षांचा झाला असेल नसेल. कुठेच काही वाजत नव्हतं.

उमेशनं मान वर करून अण्णांच्या पाठीकडे पाहिलं.

"अन्ना," तो म्हणाला.

अगदी स्पष्ट. बोट ओठाकडे नेलं नाही, उठून त्यांच्या खांद्याला हात लावला नाही. पाठमोऱ्या माणसाला नुसत्या आवाजानं बोलवायचं असतं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मी अण्णांच्या पाठीकडे पाहत राहिले.

अण्णांनी शेंग तोडली. टोपलीत टाकली. दुसरी घेतली.

"अन्ना," उमेश पुन्हा म्हणाला, जरा मोठ्यानं. आणि उत्तर आलं नाही तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा मला ती सांगलीची खोली दिसली. कपावरचा चमचा, कागद, बारीक घंटी. यातलं काहीच अण्णांना ऐकू आलं नव्हतं. केव्हा आणि कोणत्या बाजूला आवाज झाला, हे ते माझ्या डोळ्यांवरून बघत होते आणि मग गुडघा उचलत होते. मी डोळे मिटले आणि त्या खोलीत मुलगा एकटा बहिरा उरला नाही. घरात आणखी कुणी बहिरं आहे का, असं मॅडमनी विचारलं होतं तेव्हा ते न्हाई म्हणाले होते. त्यांना किती कमी ऐकू येतं ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. बहुतेक तोवर त्यांना स्वतःलाही नव्हतं. मागाच्या घरात ते कळणार कसं?

अण्णांना मागे काही हालचाल जाणवली असावी. त्यांनी वळून पाहिलं. आधी उमेशकडे, मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कुणास ठाऊक.

"काय झालं गं?"

मी आवाज काढला नाही. ओठ मोठे मोठे हलवून सांगितलं, "त्यानं तुम्हाला हाक मारली."

अण्णांच्या हातातली शेंग तशीच राहिली. ते उमेशकडे वळले, त्याच्यासमोर सरकून बसले आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. उमेशला वाटलं, आपलं काही चुकलं. तो माझ्याकडे बघू लागला. मी मान हलवली, म्हण.

"अन्ना," तो म्हणाला.

"ऐकलं की," अण्णा म्हणाले. "ऐकलं. लई मोठ्यानं हाक मारतोस."